घर आवरणारा शब्द

अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया राज्यात, विशेषतः पिट्सबर्गच्या परिसरात, पाहुणे येणार असले की जुन्या वळणाची आई मुलांना बजावते, 'रेड अप युवर रूम!' परगावच्या माणसाला वाटावे, खोलीला लाल रंग द्यायचा की काय! पण या 'रेड'चा लाल रंगाशी काही संबंध नाही. त्याच्या स्पेलिंगमध्ये शेवटी एक 'डी' जास्त असतो आणि अर्थ एवढाच, की पसारा आवरा.

हे क्रियापद मूळचे स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडचे. अठराव्या शतकात उत्तर आयर्लंडमधील स्कॉटिश वंशाची असंख्य कुटुंबे पेनसिल्व्हानियात येऊन स्थायिक झाली. त्यांच्या सामानसुमानाबरोबर हा शब्दही समुद्र ओलांडून गेला.

स्कॉटलंडमध्ये या शब्दाचा संसार मोठा. केसांचा गुंता सोडवणे म्हणजेही 'रेड'. दोघांचे भांडण सोडवणे म्हणजेही तेच, आणि सोडवायला गेलेल्याच्या पाठीत बसणाऱ्या रट्ट्यालाही तिथे खास नाव आहे! 31 डिसेंबरला तिथे घर झाडूनपुसून, शेगडीतली राख बाहेर काढून मगच नव्या वर्षाचे स्वागत करण्याची जुनी रीत आहे. त्या कामालाही 'रेडिंग'च म्हणतात. दिवाळीच्या आधी माळ्यावरचे डबे खाली काढणाऱ्या गृहिणीला हे वेगळे समजावून सांगायला नको.

आपले 'आवरणे'ही असेच ऐसपैस आहे. घर आवरायचे, स्वतःचे आवरून बाहेर पडायचे आणि वेळप्रसंगी रागही आवरायचा.

पिट्सबर्गची ही बोली बरीच वर्षे अशिक्षितपणाची खूण समजली जात होती. पुढे 1980 च्या दशकात तिथले पोलादाचे कारखाने बंद पडले आणि तरुण पिढी पोटासाठी दूरच्या शहरांत पांगली. आपण वेगळे बोलतो, हे अनेकांना परक्या गावातच उमगले. बार्बरा जॉनस्टन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी 2013 मध्ये या बोलीवर पुस्तक लिहिले, त्यात हा प्रवास आला आहे. ज्या बोलीची लाज वाटायची, तीच टी-शर्टांवर मिरवू लागली. 2006 मध्ये तर शहराच्या महापौरांनी आपल्या स्वच्छता मोहिमेला 'रेड अप' हेच नाव दिले.

अर्थात नोकरीच्या अर्जात किंवा परीक्षेच्या पेपरात हा शब्द वापरू नये. तिथे 'टायडी अप'च बरे. पण प्रत्येक शब्दाची जागा ठरलेली असते. काही शब्द दिवाणखान्यात शोभतात, काही माजघरात. माजघरातले शब्द जुने म्हणून अडगळीत टाकले, तर आवरलेल्या घरातून आजीचा आवाजच नाहीसा व्हायचा.