सही आपली, किल्लीही आपलीच

गेल्या वर्षी आमच्या केंद्राच्या नावानं एका बाईला ई-मेल गेला : ‘उद्याची तारीख पुढे ढकलली आहे, येऊ नका.’ आम्ही तो पाठवलाच नव्हता. तिची पोटगीची तारीख हुकली.

पाकिटावर कुणीही कुणाचंही नाव लिहावं, तसंच ई-मेलचं आहे. यावर उपाय आहे डिजिटल सहीचा. जीएनयूपीजी हे मोफत साधन १९९७ पासून आहे. पायथॉनमधली छोटी स्क्रिप्ट त्याच्याकडून प्रत्येक पत्रावर सही करून घेते. सही होते आपल्या गुप्त किल्लीनं, तपासता येते जाहीर किल्लीनं. मजकुरातला एक शब्द बदलला तरी सही जुळत नाही. मजकूर मात्र उघडाच राहतो. आणि जिच्याकडे तपासायची सोय नाही, तिला फोनच करायचा. पण निदान संघटना आणि वकील यांच्यात तरी हे सुरू करू.

बैठकीत लगेच सूर निघतो, ‘हे एखाद्या मुलाला सांगू.’ तो मुलगा सोयीसाठी परवलीचा शब्द स्क्रिप्टमध्येच लिहून ठेवतो. मग ती फाईल आणि गुप्त किल्ली ज्याच्या हाती, त्याच्या हाती आपली सही! भावांसाठी हक्कसोडपत्रावर न वाचता सह्या केल्या, त्यापेक्षा हे काय वेगळं?

किल्ली आपणच बनवू. तिचा ठसा एकमेकींना भेटून पडताळू. परवलीचा शब्द दर वेळी स्वतः टाइप करू. अंगठ्यापासून सहीपर्यंत यायला आपल्याला पिढ्या लागल्या. ती सही आता दुसऱ्याच्या हवाली करायची?