‘जाऊ नका’ म्हणण्यापूर्वी

गेल्या हिवाळ्यात एक निवृत्त प्राध्यापिका तपासणीसाठी आल्या, तेव्हा त्यांच्या हातात औषधांच्या कागदांबरोबर एक निमंत्रणपत्रही होते. पुण्याला, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात लोकसाहित्यावर दोन दिवसांची परिषद भरणार होती आणि जात्यावरच्या ओव्यांवर निबंध वाचण्यासाठी त्यांना बोलावणे आले होते. बाईंचे वय ७६. रक्तदाब आणि मधुमेह हे जुने सोबती. दोन्ही गुडघे कुरकुरणारे. मुक्काम सोलापूर. बरोबर आलेल्या चिरंजीवांनी, आई खुर्चीत बसण्यापूर्वीच, मला डोळ्यांनी विनवले, ‘तुम्हीच नाही म्हणा.’

आणि मी तसे म्हणालोही. थंडी, प्रवास, परके घर, जेवणाची आबाळ, अशी सारी कारणे क्रमाने सांगितली. बाईंनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, “डॉक्टर, नाही म्हणायला फारसे ज्ञान लागत नाही. कसे जावे, ते सांगा. ज्यांच्या तोंडून मी या ओव्या उतरवून घेतल्या, त्यांच्यातली आता एकही हयात नाही. ऐकलेली मी तेवढी उरले आहे.”

मी वरमलो. वृद्धांची काळजी घेता घेता आपण त्यांचे जगच लहान करत जातो, हे अनेकदा आपल्या ध्यानातही येत नाही. त्या दिवशी ‘जाऊ नका’ हा सल्ला मागे घेऊन आम्ही तिघांनी एका कागदावर बेत आखला. आपल्या घरातील एखाद्या ज्येष्ठाला असेच परिषदेचे, संमेलनाचे किंवा जुन्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचे निमंत्रण आले, तर तो कागद उपयोगी पडावा, म्हणून आज तो इथे उलगडतो. त्यात माझ्याकडून एक चूक राहून गेली होती. तीही सांगणार आहे.

पहिली तयारी औषधांची. औषधे दोन संचांत ठेवावीत: एक हातातील पिशवीत, दुसरा सोबत्याच्या पिशवीत. एक पिशवी हरवली, तरी त्या दिवसाची गोळी चुकता कामा नये. परतीला उशीर होऊ शकतो, म्हणून चार दिवसांची औषधे जास्त घ्यावीत. विमानाने जाणाऱ्यांनी इन्सुलिन मोठ्या सामानात न देता आपल्याजवळ ठेवावे आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडावी. सामानकक्षात ते गोठून निकामी होण्याचा धोका असतो. एका जाड कागदावर आजार, औषधांची नावे, मात्रा, कशाची ॲलर्जी आहे ती आणि घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक लिहून तो कागद पदराच्या किंवा खिशाच्या जवळ असावा. चष्म्याचा जादा जोड आणि श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या हमखास विसरतात. त्या आठवणीने घ्याव्यात.

दुसरी तयारी प्रवासाची. सोलापूरहून पुण्याला रेल्वेने साधारण साडेतीन-चार तास लागतात. झोपण्याचा डबा असलेल्या गाड्यांत साठ वर्षांवरील पुरुष आणि पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया यांच्यासाठी खालच्या बर्थचा राखीव कोटा असतो. तिकीट काढतानाच तो निवडावा. रेल्वेची मदत १३९ या क्रमांकावर मिळते. विमानाने येणाऱ्यांनी चाकांच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी, ऐनवेळी नव्हे. चालता येते, मग खुर्ची कशाला, असा संकोच पुष्कळांना वाटतो. पण तेवढ्या चालण्यात जी शक्ती खर्ची पडते, ती पुढे कार्यक्रमात कामी येणार असते.

गाडीत चार तास एकाच जागी बसणे पायांच्या रक्तवाहिन्यांना मानवत नाही. रक्त पोटऱ्यांत साचते आणि क्वचित त्याची गुठळीही होते. म्हणून दर अर्ध्या तासाने बसल्या जागी पावले वरखाली करावीत, घोटे गोल फिरवावेत. गाडीचा वेग स्थिर असेल, तेव्हा सोबत्याचा हात धरून दोन मिनिटे उभे राहावे. प्रवासानंतर एकाच पोटरीला सूज किंवा दुखणे जाणवले, अथवा अचानक दम लागला, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे.

आता पुण्याविषयी. विद्यापीठ गणेशखिंडीत आहे. पुणे रेल्वे स्थानकापासून ते साधारण सात किलोमीटरवर आणि शिवाजीनगर स्थानकापासून चारेक किलोमीटरवर येते. मुंबईकडून येणाऱ्या काही गाड्या शिवाजीनगरला थांबतात. पण तो थांबा मोजक्या मिनिटांचा असतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाने सामानासह घाईत उतरण्यापेक्षा पुणे स्थानकापर्यंत जाऊन सावकाश उतरणे श्रेयस्कर. जवळचे स्थानक सोयीचे असतेच असे नाही. पुण्यात मेट्रो आहे, स्थानकांवर उद्वाहकही आहेत; पण सामान आणि वय दोन्ही बरोबर असताना मध्ये वाहन बदलणे टाळावे आणि थेट रिक्षा किंवा टॅक्सी करावी. विद्यापीठ चौकात औंध, बाणेर आणि पाषाण या तिन्ही बाजूंची वाहने एकत्र येतात. सकाळी कचेऱ्यांच्या वेळेस तिथे खोळंबा होतो, म्हणून हाताशी अर्धा तास जास्त ठेवावा.

विद्यापीठाचे आवार चारशे एकरांहून मोठे आहे. मुख्य इमारत म्हणजे पूर्वीचे गव्हर्नरांचे निवासस्थान. तिचे बांधकाम १८६४ मध्ये सुरू झाले. विद्यापीठाची स्थापना १९४९ ची, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे पहिले कुलगुरू, आणि सावित्रीबाईंचे नाव त्याला २०१४ मध्ये जोडले गेले. जुनी झाडे, सावल्या, लांबच लांब रस्ते यांनी हे आवार मोठे रम्य झाले आहे; पण रम्य आवार पायी तुडवायचे म्हटले, की गुडघ्यांचा वेगळा हिशेब सुरू होतो. म्हणून ‘विद्यापीठात’ एवढा पत्ता पुरत नाही. संयोजकांना आधीच पाच प्रश्न विचारावेत. सभागृह कोणत्या इमारतीत आणि कोणत्या मजल्यावर आहे? उद्वाहक किंवा उतार आहे का? वाहन दारापर्यंत येते का? निवास सभागृहापासून किती दूर आहे? आणि स्वच्छतागृह कुठे आहे? यातले पहिले चार प्रश्न आम्ही विचारले. पाचवा राहिला.

निवासाच्या खोलीत पोहोचताच पलंगापासून न्हाणीघरापर्यंतची वाट दिवसाउजेडी एकदा चालून पाहावी. परक्या खोलीत रात्री पडण्याचे अपघात बहुधा याच वाटेवर होतात. एक छोटा रात्रदिवा, रबरी तळाच्या सपाता आणि उशाशी विजेरी, एवढ्याने पुष्कळ काम होते. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो आणि दुपारी ऊन चांगलेच तापते; तेव्हा स्वेटर एकच जाड नको, दोन पातळ असावेत. दमेकऱ्यांनी पहाटेचे फिरणे ऊन पडेपर्यंत लांबवावे आणि नाकावर रुमाल ठेवावा. समुद्रसपाटीपासून पुणे साधारण ५६० मीटर उंच आहे. एवढ्या उंचीने श्वासाला त्रास होत नाही.

आडवेळेस गरज पडलीच, तर रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक महाराष्ट्रभर चालतो. ज्येष्ठांच्या साहाय्यासाठी १४५६७ ही राष्ट्रीय सेवा आहे. ससून रुग्णालय पुणे स्थानकाजवळच आहे. विद्यापीठाचे आरोग्य केंद्र आवारातच आहे. पोहोचल्यावर त्याची जागा आणि वेळा विचारून घ्याव्यात.

आता माझी चूक. पहिल्या दिवशी बाई सकाळी नऊला सभागृहात पहिल्या रांगेत बसल्या. ऐकू नीट यावे, म्हणून तशी जागा आम्हीच मागून घेतली होती. रक्तदाबाच्या गोळ्या त्यांनी वेळेवर घेतल्या. त्यांत लघवीवाटे जादा पाणी काढणारी एक गोळी होती. पण मध्येच उठून जावे लागेल, सर्वांच्या नजरा वळतील, या संकोचाने त्यांनी सकाळपासून पाणीच घेतले नाही. जुन्या विद्यार्थिनींच्या गराड्यात दुपारचे जेवणही लांबले. संध्याकाळी पाचला सत्र संपल्यावर त्या एकदम उभ्या राहिल्या आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. चिरंजीव शेजारी होते, म्हणून त्यांनी सावरले; नाहीतर खुर्च्यांच्या त्या रांगेत माकडहाडाला किंवा डोक्याला काय झाले असते, याची कल्पनाही नको वाटते.

त्यांनी आईला आडवे केले, पायांखाली पिशवी ठेवली आणि मला दूरध्वनी केला. बरोबरच्या यंत्रावर साखर तपासली. ती ठीक होती. रक्तदाब मात्र नेहमीपेक्षा बराच उतरलेला होता. घोटघोट पाणी आणि थोडे ताक दिल्यावर अर्ध्या तासात बाई सावरल्या. छातीत दुखत असते, बोलणे अडखळत असते किंवा तेवढ्या वेळात बरे वाटले नसते, तर मी थेट रुग्णालयच सांगितले असते. स्वच्छतागृह, नंतर कळले, सभागृहाच्या दाराबाहेर वीस पावलांवर होते.

माझ्या कागदावर औषधांच्या वेळा होत्या, पाण्याच्या नव्हत्या. वृद्धांपैकी, विशेषतः स्त्रियांपैकी, कितीतरी जणी प्रवासात आणि समारंभात तहान मारून बसतात. हे कुणी सांगत नाही आणि आपण विचारत नाही. तेव्हा काळजी घेणाऱ्यांना माझी विनंती, की पोहोचल्यावर सर्वांत आधी स्वच्छतागृह स्वतः पाहून यावे आणि मग कडेची जागा घ्यावी. ‘मी तासातासाने उठणार आहे, तूही चल,’ असे आपणच म्हणावे. म्हणजे संकोच आपल्याकडे येतो. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाणी मोजून सांगितले आहे, त्यांनी तेच माप पाळावे. पाण्याच्या गोळीची वेळ प्रवासाच्या दिवशी मागेपुढे करता येते का, हे आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. ती आपल्या मनाने बंद करू नये. मधुमेहींनी जेवणाची वेळ घड्याळावर ठेवावी, कार्यक्रमपत्रिकेवर नव्हे. जवळ भाकरीचा तुकडा, चणे-फुटाणे असावेत. घाम, थरथर किंवा भोवळ जाणवली आणि साखर उतरली असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून घेऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी. आणि बराच वेळ बसल्यावर उठायचे ते तीन टप्प्यांत: आधी पावले हलवावीत, मग खुर्चीच्या कडेला येऊन मिनिटभर बसावे, मग आधार धरून उभे राहावे.

त्या रात्री चिरंजीवांचा पुन्हा दूरध्वनी आला, “परत आणू का?” बाईंचा निबंध दुसऱ्या दिवशी सकाळी होता. रक्तदाब पूर्ववत झाला होता, बाई जेवल्या होत्या, बोलणे खणखणीत होते. मी म्हणालो, “सकाळी रक्तदाब पुन्हा मोजून मला कळवा. ठीक असेल, तर वाचू द्या, मात्र बसून.” बसून वाचण्याला आदल्या आठवड्यात बाईंनी ठाम नकार दिला होता. आता त्या काही बोलल्या नाहीत.

सकाळी त्या दोन पेले पाणी पिऊन, अकराच्या सुमारास, खुर्चीत बसून वीस मिनिटे बोलल्या. शेवटच्या काही ओव्या त्यांनी वाचल्या नाहीत, गाऊन दाखवल्या. परतताना पुण्यात काही पाहायचे का, असे मुलाने विचारले. पर्वतीच्या पायऱ्या सोडून द्यायच्या, हे दोघांनाही पटले होते. सपाट आवारातला आगाखान पॅलेस त्यांनी सावकाश पाहिला. कस्तुरबांचे देहावसान १९४४ मध्ये तिथेच झाले. त्यांच्या समाधीपाशी बाई बराच वेळ बसून होत्या.

पुढच्या तपासणीला त्या आल्या, तेव्हा सांगत होत्या, की परिषदेतल्या दोन विद्यार्थिनी ओव्या ध्वनिमुद्रित करण्यासाठी सोलापूरला येऊन गेल्या. “आता ऐकलेल्या आम्ही तिघी झालो,” त्या म्हणाल्या. मग आपला कागद पुढे सरकवून त्यांनी विचारले, “पुढच्या वर्षी बोलावले, तर यात काय बदलू या?”

मी सर्वांत वर ‘पाणी’ असे लिहून दिले.