पासवर्ड कोणाच्या नावावर आहे?

मुंबईत फोर्टमधल्या वीर नरिमन मार्गावर ब्रॅडी हाउस नावाची इमारत आहे. गिरगावातून ती फार लांब नाही. तिथल्या पंजाब नॅशनल बँकेच्या शाखेतला घोटाळा १४ फेब्रुवारी २०१८ रोजी जगासमोर आला, तेव्हा रक्कम सुमारे ११,४०० कोटी रुपये सांगितली गेली. पुढे ती १३,००० कोटींच्या वर गेली. चर्चा झाली ती हिरे व्यापाऱ्यांची, त्यांच्या परदेशी पलायनाची आणि राजकारणाची. एवढी मोठी रक्कम ज्या वाटेने बाहेर गेली, ती वाट मात्र अगदी साधी होती, आणि तिच्याबद्दल फारसे कोणी बोलले नाही. परदेशातल्या बँकेला ‘या ग्राहकाला कर्ज द्या, हमी आमची’ असे सांगणारे हमीपत्र ‘स्विफ्ट’ या संदेशयंत्रणेतून जाते. असा संदेश एकाने तयार करायचा, दुसऱ्याने तपासायचा आणि मगच तो पुढे जायचा, अशी पद्धत असते. पण त्या काळी या शाखेतली स्विफ्ट यंत्रणा बँकेच्या मुख्य संगणकप्रणालीला जोडलेली नव्हती. त्यामुळे संदेश गेला तरी बँकेच्या वहीत त्याची नोंद आपोआप होत नव्हती. एक अधिकारी त्याच शाखेत, त्याच कामावर अनेक वर्षे बसून होता. स्विफ्टचे पासवर्ड ज्यांच्यापुरते राहायला हवे होते, त्यांच्यापुरते राहिले नाहीत, असा तपास यंत्रणांचा आरोप आहे. खटल्यांचा निकाल न्यायालय देईल. पण एका माणसाच्या हाती किती दारे उघडायची मुभा असावी आणि ती किती काळ असावी, हा प्रश्न त्या निकालासाठी थांबून राहू शकत नाही.

डिजिटल ओळख म्हटले की आपल्याकडे आधार, ओटीपी, अंगठा डोळ्यांसमोर येतो. हे सगळे एकाच प्रश्नाचे उत्तर देतात: समोरचा माणूस तोच आहे का? त्या माणसाला नेमके काय करू द्यायचे, कधीपर्यंत, आणि त्याने जे केले ते कोण पाहणार, हे प्रश्न त्यानंतर सुरू होतात. पहिल्या प्रश्नावर देशाने प्रचंड काम केले आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले आणि दीड दशकात ही ओळख जवळपास प्रत्येक घरात पोहोचली. त्यानंतरचे प्रश्न मात्र आपण ‘कॉम्प्युटरवाल्यांचे’ म्हणून बाजूला ठेवले. माझे म्हणणे असे की कोणाला कोणता अधिकार किती काळ द्यायचा, याचे ज्ञान आता तंत्रज्ञांपुरते ठेवून चालणार नाही. जो कोणी एखाद्या संस्थेचा पदाधिकारी आहे, त्याला जमाखर्च वाचता येणे जितके आवश्यक आहे, तितकेच हे शिकणेही आवश्यक आहे.

गिरगावासारख्या भागात तर याची गरज ढळढळीत दिसते. इथे माणसे संस्थांमधूनच जगत आली. केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होतो, आणि आज जवळपास प्रत्येक वाडीत मंडळ आहे, सोसायटी आहे, एखादा ट्रस्ट आहे. या संस्थांचा कारभार आता मोबाइलवर आला आहे. वर्गणी क्यूआर कोडवर येते, मंडपाच्या परवानगीचा अर्ज महापालिकेकडे ऑनलाइन जातो, देखभाल खर्चाची बिले सॉफ्टवेअरमधून निघतात. कार्यकारिणी बदलते, हार-तुरे होतात, जुन्या खजिनदाराकडून पावतीपुस्तके आणि शिक्का मोजून घेतला जातो. पण परवानगीच्या संकेतस्थळावर नोंदवलेला मोबाइल क्रमांक जुन्या चिटणिसांचाच राहतो, आणि ऐन ऑगस्टमध्ये ओटीपी त्यांच्या फोनवर जातो. सोसायटीचे नेट बँकिंग सुरू करताना ‘सोयीचे पडेल’ म्हणून एकाच पदाधिकाऱ्याचा क्रमांक दिला जातो. त्याच सोसायटीच्या धनादेशावर मात्र दोन सह्या लागतात! आपल्या आधीच्या पिढ्यांनी पैशाला दोन सह्यांचे बंधन घातले ते कोणाच्या प्रामाणिकपणावर शंका होती म्हणून नव्हे. एकाच हातात सगळे असू नये हे त्यांना कळले होते. कागद गेला आणि फोन आला, तेव्हा ती दुसरी सही कुठे गळून पडली हे कोणाच्या लक्षातही आले नाही. वास्तविक संस्थांच्या खात्यांसाठी बँका एकाने व्यवहार भरायचा आणि दुसऱ्याने मंजूर करायचा, अशी सोय देतात. ती मागावी लागते, आणि मागण्यासाठी ती आहे हे ठाऊक असावे लागते.

यावर पहिला आक्षेप येतो तो आपलेपणाचा. चाळीत खोलीची किल्ली शेजारी ठेवून गावाला जाणारी माणसे आपण. तिथे पासवर्डचे एवढे अवडंबर कशाला? आक्षेप मनापासूनचा आहे, आणि त्याला तुच्छ लेखू नये. पण किल्ली परत घेता येते. सांगितलेला पासवर्ड परत घेता येत नाही, आणि तो आणखी किती जणांना ठाऊक झाला हेही कळत नाही. शिवाय एकच लॉगिन चौघे वापरत असतील आणि उद्या हिशेबात खोट आली, तर नोंदीत नाव दिसणार ते ज्याच्या नावाचे लॉगिन आहे त्याचे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते याहून वेगळे नाही. वेगळे लॉगिन आणि त्याची नोंद हे प्रामाणिक माणसाचे सर्वांत मोठे संरक्षण आहे. ‘माझा पासवर्ड वापरा’ म्हणणारा कारकून मदत करत नसतो. तो दुसऱ्याच्या कृतीखाली स्वतःची सही करत असतो.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. कुंपणानेच शेत खायचे ठरवले, तर कितीही कुलपे लावून काय उपयोग? ब्रॅडी हाउसमध्ये नियम नव्हते असे थोडेच आहे? हे खरे आहे, नियम होते. ऑगस्ट २०१६ पासून स्विफ्टच्या गैरवापराच्या धोक्याबद्दल किमान तीन वेळा बँकांना सावध केले होते, असे रिझर्व्ह बँकेने नंतर जाहीर केले. पण हा घोटाळा उघडकीला कसा आला ते पाहा. तो अधिकारी २०१७ मध्ये निवृत्त झाला. जानेवारी २०१८ मध्ये संबंधित कंपन्यांची माणसे नवी हमीपत्रे मागायला आली, तेव्हा नव्या अधिकाऱ्यांनी शंभर टक्के रक्कम तारण म्हणून मागितली. ‘आजवर तारणाशिवायच मिळत होती,’ असे उत्तर आले आणि तिथून जुनी कागदपत्रे उकरली गेली. कोणी मोठा गुप्तहेर आला नव्हता, नवे यंत्र बसले नव्हते. खुर्चीवरचा माणूस बदलला, एवढेच झाले. ठरावीक मुदतीने बदली करणे, अधिकार काढून दुसऱ्याला देणे, हा जुनाट वाटणारा नियम वेळेवर पाळला असता तर हे सगळे किती वर्षे आधी समजले असते! पुढे २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्विफ्टबाबतचे निर्देश न पाळल्याबद्दल ३६ बँकांना मिळून ७१ कोटी रुपयांचा दंड केला. म्हणजे दुखणे एका शाखेचे नव्हते.

ओळख फक्त माणसांचीच तपासायची असते असेही नाही. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये हल्ला झाला, तेव्हा चोरांनी एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी आपली बनावट यंत्रणा उभी केली. तिने प्रत्येक मागणीला होकार दिला आणि २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघत राहिले. दोन दिवसांनी स्विफ्टमार्गे हाँगकाँगला आणखी रक्कम गेली. एकूण ९४ कोटींहून अधिक.

तिसरा आक्षेप घेणाऱ्यांशी माझे बरेचसे पटते. ओळखीच्या नावाखाली जागोजागी आधारची झेरॉक्स मागितली जाते, अंगठा उमटला नाही म्हणून रेशन अडते, म्हाताऱ्या माणसांची दमछाक होते. आता याचे आणखी शिक्षण म्हणजे आणखी जाच नाही का? मला वाटते, नेमके उलट आहे. हे शास्त्र नीट शिकलेला माणूस कमी मागतो. कामापुरताच अधिकार द्यायचा हे त्याचे मूळ तत्त्व, आणि कामापुरतीच माहिती मागायची हा त्याचाच दुसरा भाग. आधार खासगी कंपन्यांना हवे तसे वापरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात स्पष्ट केले. शेवटचे चारच अंक दिसतील असे ‘मास्क्ड’ आधार कोणालाही मोफत उतरवून घेता येते, आणि बायोमेट्रिक लॉक करता येते. तरीही भाडेकरूचे, घरकामाला येणाऱ्या बाईचे, वॉचमनचे पूर्ण आधार झेरॉक्स होऊन सोसायटीच्या कपाटात वर्षानुवर्षे पडून राहते. खुद्द आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने मे २०२२ मध्ये झेरॉक्स देताना सावध राहा असे पत्रक काढले आणि दोनच दिवसांत ते मागे घेतले गेले. इतका गोंधळ वरच असेल, तर गल्लीतल्या चिटणिसाला दोष कसा द्यावा? दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावण्याच्या सक्तीचेही तसेच. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१७ मध्येच ही सक्ती नको म्हणून सांगितले, कारण माणसे मग सोपे पासवर्ड निवडतात आणि जुन्याच पासवर्डात एखादा अंक बदलून वेळ मारून नेतात. आणि घरातल्या वृद्धाचे बँकेचे काम भाच्याने करायचे असेल, तर पिन सांगून टाकण्यापेक्षा संयुक्त खाते किंवा बँकेकडे लेखी अधिकारपत्र देणे, ही पायवाट आधीपासून आहे.

हे शिकवायचे कोणी? महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात २०१३ च्या दुरुस्तीनंतर सभासद आणि पदाधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे. त्या प्रशिक्षणात हा विषय सक्तीचा करावा, अशी मागणी सहकार खात्याकडे व्हायला हवी. पण खात्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागतात. गिरगावातल्या प्रत्येक सोसायटीच्या सभासदाने यंदा विषयपत्रिकेत एक विषय लेखी द्यावा: बँक, महापालिका, वीज, सॉफ्टवेअर, कॅमेरे यांचे लॉगिन कोणाच्या नावावर आहेत, ओटीपी कोणत्या क्रमांकावर जातो आणि माजी पदाधिकाऱ्यांचे अधिकार कोणत्या तारखेला काढले, याची यादी सभेपुढे ठेवावी. उत्तर मिळेपर्यंत तो विषय इतिवृत्तातून वगळू देऊ नये.