पुस्तक जुनं, शिक्षा पोराला

मागच्या महिन्यात सालेकसा तालुक्यातला बारावीचा एक मुलगा माझ्याकडे आला. मी आमगावात संध्याकाळी चार-सहा मुलांना प्रोग्रामिंग शिकवतो, ओळखीतून आला. वडिलांची धानाची शेती, घरी कॉम्प्युटर नाही. पुस्तकातला सी प्लस प्लसचा पहिलाच प्रोग्राम त्याने मोबाईलवरच्या कंपायलरमध्ये टाकला होता. सात ओळींचा प्रोग्राम आणि पहिल्याच ओळीवर एरर.

"सर, मी तर जसंच्या तसं टाईप केलो. तीनदा केलो. मंग चुकलं कुठी?"

त्याचं कुठेच चुकलं नव्हतं. चूक पुस्तकाची होती. पहिल्या ओळीत ‘आयओस्ट्रीम डॉट एच’ छापलेलं. सी प्लस प्लसचं आंतरराष्ट्रीय मानक १९९८ साली ठरलं, त्यातून ते ‘डॉट एच’ गेलं. आता नुसतं ‘आयओस्ट्रीम’ लिहायचं, खाली ‘यूजिंग नेमस्पेस एसटीडी’ घालायचं आणि ‘व्हॉइड मेन’ऐवजी ‘इंट मेन’. त्यानंतर २०११, २०१४, २०१७, २०२० आणि २०२३ अशी मानकं येऊन गेली. हा पोरगा १९९८ मध्ये जन्मलाही नव्हता!

मग पुस्तकातले प्रोग्राम चालतात कुठे? टर्बो सी प्लस प्लसवर. बोरलँड कंपनीचं, डॉसच्या जमान्यातलं सॉफ्टवेअर. आजच्या ६४ बिट विंडोजवर ते सरळ चालतही नाही, डॉसबॉक्स टाकून जुन्या कॉम्प्युटरचं सोंग आणावं लागतं. म्हणजे जुनं पुस्तक चालावं म्हणून आपण नवीन मशीनला म्हातारं करतो.

मी त्याला दुरुस्ती दाखवली, प्रोग्राम चालला, पोरगा खुलला. पण लगेच म्हणाला, "सर, परीक्षेत असं लिवलो तर मार्क कापतील का?"

आणि मी त्याला सांगितलं, "परीक्षेत पुस्तकातलं लिही, बाकी ठिकाणी हे."

"म्हणजे खरं कोणतं, सर?"

या प्रश्नाची मला लाज वाटली, म्हणून ही पोस्ट.

पुस्तक कोणाचं ते सांगत नाही, कारण प्रश्न एका पुस्तकाचा नाही. पायथन ३ डिसेंबर २००८ मध्ये आलं, पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला कायमचा बंद झाला. तरी ‘प्रिंट’ला कंस नसलेले जुने प्रोग्राम गाइडांमधून आजही दिसतात. पीएचपीमधली डेटाबेसला जोडणारी जुनी ‘मायएसक्यूएल’ फंक्शनं २०१५ अखेरच्या पीएचपी ७ मधून काढून टाकली. कॉलेजच्या मुलांचा आणखी एक घोळ, अँग्युलर. अँग्युलरजेएस वेगळं आणि २०१६ पासूनचं अँग्युलर वेगळं, नाव तेवढं सारखं. जुनं पुस्तक वाचून नवीन बसवायला गेलेला मुलगा आठवडाभर डोकं फोडतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "बेसिक बदलत नाही हो." अर्धं खरं आहे. लूप तेच, अ‍ॅरे तेच. रोवणीची पद्धतही तीच असते, पण म्हणून वीस वर्षांपूर्वीच्या बियाण्याचे पऱ्हे कोणी टाकत नाही. आणि बेसिक शिकायला पहिला प्रोग्राम तर चालला पाहिजे ना? नागपूर-पुण्याच्या मुलाला एरर आली तर तो क्लासमध्ये विचारतो, दादाला विचारतो. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडच्या मुलाकडे पुस्तक हाच मास्तर. पुस्तकात चूक असेल असं त्याच्या मनातही येत नाही. तो म्हणतो, माझ्याच्याने होत नाही. आणि विषय सोडतो. पुस्तकाच्या म्हातारपणाची शिक्षा पोराला होते.

दुसरा आक्षेप, की दरवर्षी नवीन पुस्तक पालकांना परवडेल का? नाही परवडणार, आणि गरजही नाही. प्रत्येक नवीन व्हर्जनच्या मागे धावायलाही कोणी सांगत नाही. माझं मागणं साधं आहे.

१. पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहा, यातले प्रोग्राम कोणत्या व्हर्जनवर आणि कोणत्या तारखेला चालवून पाहिले. छापण्याआधी प्रत्येक प्रोग्राम खरंच चालवा.

२. दरवर्षी सत्र सुरू होण्याआधी एक-दोन पानांचं दुरुस्तीपत्रक काढा. बालभारती आपली पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट देतेच, तिथे पत्रक टाकायला छपाईचा खर्च नाही. खाजगी प्रकाशकांनाही हे जमेल.

३. परीक्षेत बदलाची दोन वर्षं जुनी आणि नवीन दोन्ही पद्धती बरोबर धरा, आणि तसं लेखी कळवा. नाहीतर पुस्तक बदलूनही मुलं भीतीने जुनंच पाठ करतील.

४. लॅबमध्ये जीसीसीसारखा मोफत कंपायलर टाका. जुन्या मशीनवरही लिनक्स टाकून तो चालतो. पैशाचं कारण इथे टिकत नाही.

शिक्षकांना दोष देऊन मोकळं होता येणार नाही. एक माणूस तीन वर्ग घेतो, त्यात बंद पडलेले कॉम्प्युटर आणि जाणारी लाईट. पण सुरुवात आपल्या हातात आहे. जिल्ह्यातल्या पाच-सहा कॉम्प्युटर शिक्षकांनी एका रविवारी गोंदियात बसायचं, एक पुस्तक घ्यायचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे प्रोग्राम चालवायचे. जे चालत नाहीत त्यांची यादी पान नंबरासकट करायची, आणि ती मंडळाला व प्रकाशकाला पाठवायची. चहा माझ्याकडून.

जे यायला तयार आहेत त्यांनी खाली लिहा. माझं चुकत असेल तर तेही लिहा. पण ‘खरं कोणतं’ असं पोराने विचारल्यावर पुढच्या वर्षी तरी मला एकच उत्तर देता आलं पाहिजे.