विजेचे मोल, वेळेनुसार

वीज ही काही लोणच्यासारखी बरणीत भरून ठेवावयाची वस्तू नव्हे. ती मोठ्या प्रमाणात साठविणे आजही खर्चाचे आहे. म्हणून कमाल मागणीच्या थोड्या तासांसाठी जी यंत्रे उभारावी लागतात, ती एरवी स्वस्थ बसतात आणि त्यांचा भार मध्यरात्री एकच दिवा जाळणाऱ्यावरही पडतो. हा अन्याय दरपत्रकातून दूर करू पाहणाऱ्या आल्फ्रेड कान ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाची ओळख वाचकांस करून द्यावी, असे आम्हांस वाटले.

कान यांचा जन्म १९१७ चा, न्यू जर्सीतील पॅटरसन गावचा. कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. तेल उद्योगातील स्पर्धेवर १९५९ साली सहलेखकासह ग्रंथ लिहिला. पुढे १९७०-७१ मध्ये सरकारी नियंत्रणाच्या अर्थशास्त्रावरील त्यांचे दोन खंड निघाले. पुष्कळ विद्वानांची कारकीर्द येथेच संपते. कान मात्र १९७४ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले आणि पुस्तकातील तत्त्व त्यांनी बिलावर आणले : मागणी चढते तेव्हा दर चढा, उतरते तेव्हा उतरता.

१९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यांना नागरी विमान मंडळावर नेमले. तेथे त्यांनी सहकाऱ्यांस कार्यालयीन बोजड भाषा सोडण्याची ताकीद दिली (आमच्याकडील कचेऱ्यांतही ती फिरावी!) आणि विमानभाड्यांवरील सरकारी बंधने सैल केली. १९७८ च्या कायद्याने ती उठू लागली. १९८४ अखेर मंडळच विसर्जित झाले. स्वतःचे आसन मोडावयास साहाय्य करणारा अधिकारी विरळाच.

परंतु त्यांना केवळ खुल्या बाजाराचे भाट म्हणणे आम्हांस मान्य नाही. १९८० च्या दशकात विमान कंपन्या एकमेकींत विलीन होऊ लागल्या, तेव्हा मक्तेदारीविरोधी कायदा ढिलाईने राबविल्याबद्दल त्यांनी सरकारला दोष दिला. दर ठरविण्यातून सरकारने हात काढावा, स्पर्धेच्या राखणीतून काढू नये, ही त्यांची भूमिका. अपेक्षेपलीकडे काय घडले, हेही त्यांनी १९८८ मध्ये लिहून मांडले. २०१० साली ते निवर्तले.

भारतातही २०२३ च्या केंद्रीय नियमांनी शेती वगळून इतर ग्राहकांसाठी वेळेनुसार वीजदरांची वाट उघडली : उन्हाच्या तासांत सवलत, मागणीच्या तासांत वाढ. इस्त्री दुपारवर ढकलता येईल. दिवसभर कामावर असलेल्या गृहिणीने सायंकाळचा स्वयंपाक आणि मुलांच्या अभ्यासाचा दिवा कोणत्या तासावर ढकलावा, हे मात्र दरपत्रक करणाऱ्यांनी आम्हांस सांगावे.