सायलेन्सरच्या आधी ब्रेक

आरक्षण, शिष्यवृत्ती, अ‍ॅट्रॉसिटीचे गुन्हे, बार्टीची फेलोशिप यांवर आम्ही पानंच्या पानं लिहितो. मोटारसायकलीवर चळवळीतलं कुणी लिहीत नाही. तो विषय शोरूमवाल्यांचा आणि यूट्यूबवर रिव्ह्यू करणाऱ्या पोरांचा, असं आपण धरून चाललो आहोत. पण बैठक संपल्यावर समाजमंदिराबाहेर नजर टाका. शंभर ते सव्वाशे सीसीच्या गाड्यांची रांग उभी असते. निम्म्यांचे हप्ते चालू, काहींचे इंडिकेटर तुटलेले, एकाला दोरीने बांधलेलं साईड पॅनेल. मोर्चा असो, पंचनाम्याला जायचं असो की रात्री बाराला पेशंटला जिल्हा रुग्णालयात न्यायचं असो, आपली चळवळ याच गाड्यांवर चालते.

१९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली, १९९४ साली स्प्लेंडर आली. कमी पेट्रोल पिणाऱ्या या चार-स्ट्रोक गाड्यांनी गावाबाहेरच्या वस्तीचं बरंच काही बदललं. एसटी दिवसातून दोनदा येते त्या गावातला पोरगा तालुक्याच्या कॉलेजात वेळेवर पोहोचू लागला. गवंडी, वायरमन, रंगारी यांना वीस किलोमीटरवरचं काम घेता येऊ लागलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाटलाच्या जीपच्या मागे उभं राहून 'येऊ का' विचारायचं बंद झालं. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला काय म्हणतात ते म्हणोत, वस्तीत याला सुटका म्हणतात.

म्हणूनच ही गाडी लोकांच्या डोळ्यांत खुपते. २०२५ च्या फेब्रुवारीत तमिळनाडूच्या शिवगंगा जिल्ह्यात एका दलित विद्यार्थ्याच्या हातांवर वार झाले. बुलेट चालवतो याचा राग धरून हल्ला केला, अशी तक्रार नोंदली गेली. तेव्हा 'गरिबाला कशाला हवी स्टाईल' हे पांढरपेशं शहाणपण आम्ही सांगणार नाही. ज्याच्या आजोबाला गावातून चप्पल हातात घेऊन जावं लागलं, त्या नातवाला गाडी नटवावीशी वाटली तर त्यात हसण्यासारखं काही नाही. आमचा वाद पैसा कुठे लागतो, याबद्दल आहे.

बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये चाळीसगावचा प्रसंग आहे, तो इथे आठवतो. १९२९ साल. बाबासाहेब सरकारी समितीचे सदस्य, धुळ्याहून परतताना चाळीसगावला उतरलेले. महारवाड्यातली माणसं त्यांना न्यायला आलेली. स्टेशनवरचा एकही टांगेवाला महाराला घेऊन टांगा हाकायला तयार होईना. पण आपल्या पाहुण्याने महारवाड्यापर्यंत पायी चालत यावं, हेही लोकांना पटेना. शेवटी टांगा भाड्याने घेतला आणि आपल्यातलाच एकजण हाकायला बसला. त्याने आयुष्यात टांगा हाकला नव्हता. पुलावर चाक अडकलं, बाबासाहेब दगडी फरसबंदीवर फेकले गेले, पायाचं हाड मोडलं. घोडा आणि टांगा नदीत गेले. गुन्हा जातीचाच, तो टांगेवाल्यांच्या नकारात होता. पण बाबासाहेब तिथे थांबत नाहीत. पाहुण्याची प्रतिष्ठा जपण्याच्या घाईत पाहुण्याच्या जिवाचा विचार राहून गेला, हेही ते नोंदवतात. आपल्याच माणसांबद्दल, प्रेमाने, पण स्पष्टपणे.

आता वस्तीतल्या गॅरेजात या. सत्त्याण्णव सीसीची गाडी, ताकद आठ हॉर्सपॉवर. तिला पहिला खर्च कशाचा? फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरचा. मग जाड टायर, मग डोळे दिपवणारा एलईडी, मग फॅन्सी नंबरप्लेट. मागचे लायनर मात्र दीड वर्षापूर्वी बदललेले आणि पुढचा ब्रेक दाबला तर लिव्हर ग्रिपला टेकतो.

सायलेन्सरने गाडी पळत नाही, ओरडते. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत पेट्रोल इंजेक्शनने येतं आणि धुराच्या नळीतला सेन्सर हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवायला मदत करतो. प्रदूषण कमी करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही त्याच नळीच्या पोटात असतं. ते कापून बाहेरची नळी जोडली की हिशेब बिघडतो, अ‍ॅव्हरेज पडतं आणि कंपनीची वॉरंटी हातची जाते. वर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन बाद. चौदा एप्रिलच्या रॅलीत निळा झेंडा दिसला की पावती पुस्तक लवकर उघडतं आणि दुसऱ्यांच्या मिरवणुकीतला आवाज खात्याला ऐकू येत नाही, हे आम्हाला माहीत आहे. त्यावर भांडूच. पण दहा हजार म्हणजे कित्येकांचा महिन्याचा पगार, तो आपण होऊन त्यांच्या हातात का द्यायचा?

जाड टायरचंही तेच. कंपनीने दिलेल्या रिमवर दोन मापं मोठा टायर चढवला की तो कुठेतरी घासतो, गाडी जड होते, वळणावर वेडीवाकडी वागते. त्याच पैशात योग्य मापाचे, चांगल्या कंपनीचे दोन्ही टायर नवे येतात. टायर गोटा झाला असेल तर पहिल्या पावसात, डांबरावर तेल सुटलेलं असताना, कुठलाच ब्रेक कामाचा नाही.

आणि साडी गार्ड. हे तर पोरं गाडी घरी आणल्याच्या आठवड्यातच काढतात, 'लूक' जातो म्हणून. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमाने मागे बसणाऱ्यासाठी हाताला धरायची पकड, पाय ठेवायची जागा आणि मागचं निम्मं चाक झाकणारं गार्ड सक्तीचं केलंय. मागे कोण बसतं? आई, बायको, बहीण. पदर किंवा ओढणी चाकात गेली की पुढे काय होतं, ते कुठल्याही सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात विचारा. स्त्रीमुक्तीवर भाषण देणाऱ्या कार्यकर्त्याच्या गाडीला साडी गार्ड नाही, हे आम्हाला तरी पटत नाही.

मग गाडीत सुधारणा करायचीच तर कुठून करायची? ब्रेकपासून. गाडी थांबताना वजन पुढे झुकतं, त्यामुळे थांबवण्याचं जास्त काम पुढचं चाक करतं. आपल्याकडे मात्र 'पुढचा ब्रेक मारला की पडतो' ही भीती लहानपणापासून घातलेली, त्यामुळे सगळा भार पायाच्या ब्रेकवर. दोन्ही ब्रेक मिळून, हळूहळू दाब वाढवत दाबायची सवय फुकट आहे. मोकळ्या मैदानात तासभर सराव केला तरी फरक कळतो. लायनरचा खर्च काही शेकड्यांत भागतो. फक्त अस्सल घ्या, नकली लायनर ड्रम खातात. ड्रमच्या गाडीला वेल्डिंग मारून डिस्क बसवून देणारे आहेत, त्यांच्या नादी लागू नका. डिस्कला वेगळा फोर्क, वेगळा हब लागतो. डिस्क हवी तर घेतानाच डिस्कचं मॉडेल घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. करापूर्वीची किंमत साठ हजार धरली तर सहा हजार वाचतात. ड्रम आणि डिस्कमधला फरक त्यात बऱ्यापैकी निघतो.

उजेडाचं थोडक्यात. हलका एलईडी समोरच्याच्या डोळ्यात जातो आणि आपल्याला रस्ता दाखवत नाही. पिवळा पडलेला रिफ्लेक्टर बदला, हेडलाईट खाली नीट लावून घ्या, मागे चमकणारी पट्टी चिकटवा. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या दिव्याविना रस्त्यावर उभ्या असतात. तिथे तुम्हाला ट्रॉली दिसणं आणि मागच्याला तुम्ही दिसणं, दोन्हींवर जीव टांगलेला असतो.

इथपर्यंत आपल्या पोरांना बोललो. आता व्यवस्थेकडे वळू, कारण सगळी जबाबदारी चालवणाऱ्यावर ढकलणं हे या देशातलं जुनं कसब आहे.

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची. हेल्मेट नसल्यामुळे ५०,०२९ गेले आणि त्यात १४,३३७ मागे बसलेले होते. हे मरणारे कोण, याचा जातवार हिशेब सरकार ठेवत नाही. पण दुचाकीवर कोण फिरतं आणि एअरबॅगच्या गाडीत कोण, हे सांगायला जनगणना लागत नाही.

याच सरकारने एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलना आणि एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना नियम लावला. सव्वाशे सीसीच्या वर एबीएस. सव्वाशेपर्यंत सीबीएस चालेल. फरक साधा आहे. एबीएस जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ देत नाही. सीबीएस फक्त एका ब्रेकबरोबर दुसराही थोडा लावतो, चाक जाम व्हायचं ते होतंच. म्हणजे घसरून पडण्यापासूनचं संरक्षण इंजिनाच्या मापाने वाटलं. ज्याच्याकडे पैसा, त्याचं चाक सुटतं राहणार. ज्याच्या गाडीवर बायको, दोन पोरं आणि कधीकधी तीस किलोचं भरलेलं सिलिंडर, त्याने घसरायचं. चातुर्वर्ण्य सीसीतही मोजता येतं म्हणायचं.

लहान गाडीला एबीएस परवडत नाही, हा कंपन्यांचा जुना सूर. पण बजाजने २०२२ च्या डिसेंबरमध्ये प्लॅटिना ११० ला पुढच्या चाकाचं एबीएस देऊन ती सुमारे ७२ हजार एक्स-शोरूम किमतीत बाजारात आणली होती. म्हणजे तंत्र होतं, किंमतही आवाक्याबाहेर नव्हती. २०२५ च्या जूनमध्ये दिल्लीने सगळ्या नव्या मोटारसायकलींना एबीएस आणि प्रत्येक गाडीबरोबर दोन हेल्मेट, असा मसुदा काढला. मसुद्यावर हरकती आणि सूचना मागवतात. कंपन्यांच्या संघटना लगेच लिहितात, त्यांच्याकडे त्यासाठी माणसं असतात. आपल्या वस्त्यांतून किती पत्रं गेली? पुतळ्याच्या जागेसाठी आपण चोवीस तासांत निवेदन तयार करतो, तेवढी तत्परता इथे का नाही?

जेवण आणि पार्सल पोचवणाऱ्या पोरांचं तर वेगळंच. गाडी त्यांची, पेट्रोल त्यांचं, लायनर त्यांचे, घाई मात्र कंपनीची. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'गिग कामगार' हा शब्द आला खरा. पण दिवसाला शंभर किलोमीटर धावणाऱ्या गाडीच्या देखभालीचा भत्ता कुणी मागितलेला आमच्या कानावर नाही. युनियनच्या मागणीपत्रात दर वाढवा हे पहिलं असतं, ते बरोबरच. त्याखाली टायर आणि ब्रेकचा खर्च लिहायला हरकत काय?

एक गोष्ट मात्र उद्यापासून करता येईल, तिला कुठल्याही मसुद्याची गरज नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १३८, उपनियम ४ (एफ) नुसार नवी दुचाकी विकत घेताना बीआयएसच्या मानकाचं हेल्मेट उत्पादकानेच द्यायचं असतं. कित्येकांना ते माहीत नसतं, आणि शोरूमवाला आपण होऊन सांगत नाही किंवा 'अ‍ॅक्सेसरीज'च्या नावाखाली पैसे लावतो. वस्तीतलं कुणी गाडी उचलायला निघालं की सोबत दोघांनी जा. पेढे वाटण्याआधी नियमाचा क्रमांक लिहिलेला कागद काउंटरवर ठेवा, आयएसआयचा शिक्का बघून हेल्मेट घ्या. नाही दिलं तर तसं लेखी मागा आणि तो कागद आरटीओच्या आवक-जावकला देऊन पोच घ्या.