विश्लेषण : न्यूक्लिअर मेडिसिन तंत्रज्ञ कसे होतात? प्रवेशापूर्वी काय तपासणे गरजेचे?

बारावी विज्ञाननंतर ‘पॅरामेडिकल’ अभ्यासक्रमांची माहिती घेताना ‘न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजी’ हे नाव हमखास समोर येते. पेट-सीटी स्कॅनमुळे हा विषय कर्करुग्णांच्या कुटुंबांनाही ठाऊक झाला आहे. मात्र हे काम नेमके काय, ते एक्स-रे तंत्रज्ञाच्या कामाहून वेगळे कसे आणि नुसती पदवी पुरेशी आहे का, याबाबत विद्यार्थी-पालकांत बराच गोंधळ दिसतो.

न्यूक्लिअर मेडिसिन म्हणजे काय?

एक्स-रे किंवा सीटी स्कॅनमध्ये किरण यंत्रातून निघतात आणि शरीरातून आरपार जातात. यंत्र बंद झाले की किरणोत्सर्ग थांबतो. न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये किरणोत्सारी औषधाची अल्प मात्रा रुग्णाला टोचून किंवा तोंडावाटे दिली जाते. ते ठरावीक अवयवात किंवा पेशींत साचते आणि तिथून बाहेर पडणारे किरण गॅमा कॅमेरा किंवा पेट स्कॅनर टिपतो. त्यामुळे अवयव कसा दिसतो यापेक्षा तो काम कसा करतो, हे कळते. हृदयाच्या स्नायूंचा रक्तपुरवठा, मूत्रपिंडांचे कार्य, हाडांत पसरलेला कर्करोग यांची तपासणी याच पद्धतीने होते.

याचा दुसरा अर्थ असा, की औषध दिल्यानंतर काही तास रुग्ण स्वतःच किरणोत्सर्गाचा स्रोत असतो. त्याला कुठे बसवायचे, त्याने कोणते स्वच्छतागृह वापरायचे, गर्भवती नातेवाईक सोबत असेल तर काय करायचे, हे सगळे तंत्रज्ञाला पाहावे लागते. बटण बंद करून येथे सुटका होत नाही. म्हणूनच या कामाचे प्रशिक्षण वेगळे आहे.

तंत्रज्ञाचा दिवस कसा असतो?

दिवसाची सुरुवात कॅमेऱ्याच्या आणि मात्रा मोजणाऱ्या उपकरणाच्या तपासणीने होते. त्यानंतर ‘हॉट लॅब’मध्ये औषध तयार केले जाते. सर्वाधिक वापरले जाणारे टेक्निशियम-९९एम हे समस्थानिक मॉलिब्डेनमच्या जनरेटरमधून रोज काढावे लागते. या क्षेत्रात जनरेटरला गमतीने ‘गाय’ आणि या कामाला ‘दूध काढणे’ म्हणतात. काढलेल्या द्रावणात मॉलिब्डेनम उतरलेले नाही ना, हे तपासल्याशिवाय ते वापरता येत नाही.

पुढचा सगळा खेळ घड्याळाशी असतो. टेक्निशियम दर सहा तासांनी निम्मे होते. पेट स्कॅनसाठी लागणारे फ्लोरिन-१८ तर सुमारे ११० मिनिटांतच निम्मे होते. सकाळी नऊ वाजता ४० मिलिक्युरी औषध आले, तर १० वाजून ५० मिनिटांनी २० आणि १२ वाजून ४० मिनिटांनी अवघे १० मिलिक्युरी उरते. त्यात एखादा रुग्ण लोकल चुकल्याने उशिरा आला किंवा त्याची रक्तशर्करा वाढलेली निघाली, की पुढच्या साऱ्यांचे वेळापत्रक नव्याने मांडावे लागते. घातांकाचे गणित, रसायनशास्त्र आणि रुग्णाला धीर देण्याचे कसब या तिन्हींची एकाच वेळी परीक्षा होते.

शिक्षणाचे मार्ग कोणते?

पहिला मार्ग बारावी विज्ञाननंतर न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजीतील बीएस्सी पदवीचा. दुसरा मार्ग विज्ञान शाखेतील पदवीनंतर पदव्युत्तर पदविका किंवा एमएस्सीचा. दिल्लीतील एम्स, कर्नाटकातील मणिपाल आदी ठिकाणी हे शिक्षण उपलब्ध आहे.

महाराष्ट्राचे या क्षेत्रातील स्थान महत्त्वाचे आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून मुंबईत परळ येथे आहे. देशातील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये येथेच सुरू झाला. या केंद्रातील अभ्यासक्रम होमी भाभा राष्ट्रीय संस्थेशी संलग्न असून, अनेक वर्षे येथे चाललेल्या ‘डीएमआरआयटी’ या पदविकेने देशभरातील रुग्णालयांना तंत्रज्ञ दिले. किरणोत्सारी औषधे पुरवणाऱ्या ‘ब्रिट’ या सरकारी संस्थेचे मुख्यालयही नवी मुंबईत वाशी येथे आहे.

नियम काय सांगतात?

किरणोत्सारी पदार्थ वापरणाऱ्या प्रत्येक केंद्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा, म्हणजे एईआरबीचा परवाना लागतो. मंडळाने ठरवलेली पात्रता असलेले तंत्रज्ञ आणि किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी केंद्रात असणे बंधनकारक आहे. आवश्यक प्रशिक्षण घेऊन आणि परीक्षा देऊन तंत्रज्ञालाही मंडळाच्या मान्यतेने सुरक्षा अधिकारी होता येते. याशिवाय, संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठीच्या २०२१ च्या राष्ट्रीय आयोग कायद्याने या व्यवसायाला स्वतंत्र ओळख दिली असून, राज्य परिषदांमार्फत नोंदणीची तरतूद केली आहे.

हे काम धोक्याचे आहे का?

पालकांचा पहिला प्रश्न हाच असतो. कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात कमाल ३० मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा भारतात आहे. प्रत्येकाच्या छातीवर टीएलडी बॅज असतो आणि त्यावरील नोंद ठरावीक काळाने तपासली जाते. कमीत कमी वेळ, जास्तीत जास्त अंतर आणि शिशाचा आडोसा, ही सुरक्षेची त्रिसूत्री. ती पाठ असून भागत नाही, हाताला वळण लागावे लागते. सराईत हात सिरिंज काही सेकंदांत भरतो, नवखा घुटमळतो. त्या घुटमळण्याचा हिशेब थेट त्याच्या बोटांना मिळणाऱ्या मात्रेत होतो.

प्रवेशापूर्वी काय तपासावे?

खरी मेख येथेच आहे. हा अभ्यासक्रम फळ्यावर किंवा चित्रफिती दाखवून शिकवता येत नाही. त्यामुळे माहितीपुस्तिकेतील चकचकीत स्कॅनरच्या छायाचित्रापेक्षा काही साध्या प्रश्नांची उत्तरे महत्त्वाची ठरतात. संस्थेचा स्वतःचा किंवा करारबद्ध न्यूक्लिअर मेडिसिन विभाग सुरू आहे का? त्याच्या एईआरबी परवान्याची प्रत दाखवली जाते का? तिथे गॅमा कॅमेरा आणि पेट-सीटी दोन्ही आहेत का? रोज किती रुग्ण येतात आणि एका तुकडीत किती विद्यार्थी आहेत? विद्यार्थ्यांना टीएलडी बॅज मिळतो का? ही पदवी एईआरबीच्या पात्रता निकषांत बसते, असे संस्था लेखी देते का? आधीच्या तुकडीतील दोन-तीन विद्यार्थ्यांशी बोलले तरी बरेच चित्र स्पष्ट होते.

बॅज मिळत नसेल, तर विद्यार्थी हॉट लॅबमध्ये प्रत्यक्ष काम करतो, हा दावा फोल आहे, असे खुशाल समजावे.

जबाबदारी कोणाची?

ही सारी शहानिशा सतरा-अठरा वर्षांच्या मुलांवर आणि शुल्कासाठी कर्ज काढणाऱ्या पालकांवर सोपवणे योग्य नाही. विद्यापीठांनी आणि राज्य परिषदेने जागा मंजूर करतानाच चालू विभागाची अट घालावी आणि संस्थानिहाय माहिती मराठीतून जाहीर करावी. स्कॅनर पैसे मोजून आणता येतो. तो चालवणारे कुशल हात घडायला काही वर्षे आणि चालता विभाग लागतो. अर्धवट प्रशिक्षणाची किंमत आधी विद्यार्थी मोजतो, नंतर रुग्ण.